आवाज वाढवून शब्द कळत नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका ज्येष्ठ वाचकांनी लिहिलं होतं की हल्ली गाण्याच्या कार्यक्रमाला जावं तर कान बधिर होतात पण गायक काय म्हणतोय ते एक अक्षर कळत नाही, आणि त्याची कारणं त्यांनी दोन दिली होती, एक म्हणजे हल्लीचे गायक तोंड उघडून गात नाहीत आणि दुसरं साऊंडवाल्यांना काही पडलेलं नसतं. पहिल्याचं गायक मंडळी बघून घेतील. दुसरं मात्र माझ्या धंद्यावर आलंय म्हणून हे लिहायला बसलो. मी सांगली मिरज भागात साऊंड करतो, भजनी मंडळं, सप्ताहातली कीर्तनं, कार्यालयातले सुगम संगीताचे कार्यक्रम, अधूनमधून शास्त्रीय मैफल, जे येईल ते. काकांची तक्रार शंभर टक्के खरी आहे हो. पण शेवटी त्यांनी जो उपाय सांगितलाय, की मोठे स्पीकर लावा आणि गायकाचा आवाज वाढवा, त्याने दुखणं वाढतं. आणि हाच उपाय पहिल्या रांगेतून दर कार्यक्रमाला ओरडून सांगितला जातो, म्हणून म्हटलं एकदा नीटच सांगावं की आत काय चाललेलं असतं.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय. पण आकडे बघून असं वाटतं की मधोमध म्हणजे १०,००० आणि ५०० वगैरे म्हणजे अगदी तळाचं काहीतरी. कानाचा हिशोब तसा नसतो. वरचा सा खालच्या सा च्या दुप्पट असतो हे पेटी शिकलेल्या कुणालाही माहीत असतं, म्हणजे २० ते ४० हे एक सप्तक झालं आणि १०,००० ते २०,००० हेसुद्धा एकच सप्तक झालं, सगळा पसारा मिळून दहा सप्तकांचा, आणि त्याचा मध्य येतो ६४० ला. आमच्या मिक्सरवरच्या ग्राफिक इक्यूला, म्हणजे आवाजाचा एकेक भाग वेगळा कमीजास्त करायच्या सरकत्या बटणांना, ३१ पट्ट्या असतात त्या याच हिशोबाने मांडलेल्या, एका सप्तकात तीन, म्हणून २५०, ३१५, ४००, ५०० असे आकडे येतात आणि नवीन पोरं विचारतात की हे असले विचित्र आकडे का.

आता गायक काळी एक मध्ये, म्हणजे पेटीतली पहिली काळी पट्टी सा धरून, गातोय असं धरा. त्याचा मध्य सा येतो साधारण १३९ हर्ट्झला, तार सा २७७ ला, आणि मंद्र पंचमापर्यंत खाली उतरला तर १०४. बाई काळी चार मध्ये गात असतील तर त्यांचा सा २०८ च्या आसपास. हा झाला सूर. शब्द मात्र इथे नसतातच, ते वर असतात. आ, ई, ऊ हे एकमेकांपासून वेगळे कळतात ते ३०० पासून अडीच हजारापर्यंतच्या पट्ट्यामुळे, त, ट, क, च यांचा जो फटका असतो तो साधारण दोन ते पाच हजारात, श ची सळसळ त्याच्याच आसपास आणि स ची पाच ते आठ हजारात. जुन्या टेलिफोनच्या लायनीवर ३०० ते ३४०० एवढंच जायचं, त्यामुळे पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर त्यात जातच नव्हता तरी बोलणं सगळं कळायचं, फक्त ‘एफ’ म्हटलं की समोरच्याला ‘एस’ ऐकू यायचं कारण त्या दोघांतला फरक ३४०० च्या वर राहिला. म्हणजे आवाजातली ताकद सगळी खाली असते आणि अर्थ वर असतो, आणि वर जे असतं ते फार नाजूक असतं. त्याला बुडवायला फार काही लागत नाही.

बुडवतं कोण ते बघा. स्टेजवर गायक काळी एक चा, तबला काळी एक चा म्हणजे २७७ ला लावलेला, पेटी त्याच सुरात, तानपुरा त्याच सुरात. पाश्चात्त्य बँडमध्ये ड्रम गाण्याच्या पट्टीला लावलाच पाहिजे असं काही बंधन नसतं, आपल्याकडे तबलासुद्धा सा लाच बोलतो, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ मध्ये लिहिलं होतं ते याच्यावरच, की पुडीवरच्या काळ्या शाईमुळे आपल्या तबला-मृदंगाचे वरचे स्वरसुद्धा मूळ सुराच्या पटीत बसतात, साध्या चामड्याच्या ड्रमचे बसत नाहीत. ऐकायला हे फार गोड. पण साऊंडवाल्यासाठी याचा अर्थ असा की सगळेजण १३९, २७७, ४१६, ५५५ याच ठिकाणी येऊन उभे राहतात, दिवाळीत एसटीच्या एकाच दारातून सगळी गर्दी आत घुसायला बघते तसं. आणि त्यात कार्यालयाची खोली भर घालते, खाली फरशी, वर पत्रा, बाजूला उघड्या भिंती, तिथे १५० ते ४०० मधलं सगळं घुमत राहतं लवकर विरत नाही. वर माईक तोंडाला चिकटवून धरायची सवय, आमचे नेहमीचे माईक जितके जवळ धराल तितका त्यात खर्ज फुगतो. आता यात तुम्ही ‘आवाज वाढवा’ म्हणालात तर मी फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, वर केला, काय वाढलं? अर्थ वाढला थोडासा आणि गर्दी वाढली भरपूर. त्यात कानाचा एक स्वभाव आहे की खालचा आवाज वरच्या आवाजाला सहज झाकतो, वरचा खालच्याला तितका झाकत नाही, आणि आवाज जितका मोठा तितकं हे झाकणं जास्त. म्हणून पहिल्या रांगेतून ओरडलं की दहा मिनिटांनी कान जास्त दुखतात आणि कळत तेवढंच असतं.

खरा इलाज कापण्याचा आहे, वाढवण्याचा नाही. पेटीचं २५० ते ५०० मधलं तीन चार डेसिबल खाली घ्या, पेटीला काही होत नाही, तिच्याकडे देण्यासारखं भरपूर असतं. चाटीच्या, म्हणजे उजव्या तबल्याच्या, माईकला १०० च्या खालचं बंद करा, तिथे डग्गाच शिरतो दुसरं काही नाही. गायकाच्या चॅनलला लो कट लावा, म्हणजे ठरवलेल्या आकड्याच्या खालचं सगळं बंद. एवढं केल्यावर गायकाचा फेडर एक केसभरही न हलवता लोक म्हणतात की आता आवाज वाढवलात ना, बरं झालं. मी हो म्हणतो. वाद कोण घालणार.

पण हे लो कटचं प्रकरणसुद्धा आंधळेपणाने करण्यासारखं नाहीये. काही जण गायक कोण, पट्टी कोणती न बघता सगळ्या माईकना १५० ला कापून टाकतात, आणि मग काळी एक वाला गायक आलापीत मंद्रात उतरला की त्याचा आवाज टेलिफोनमधून आल्यासारखा होतो, कारण त्याचा १०४ चा पंचम तुम्ही दाराबाहेर उभा केलाय. पुरुषाला ८० च्या आसपास, बाईंना १२० पर्यंत चालतं, तेही कार्यक्रमाआधी पट्टी विचारून. साऊंडवाल्याने गायकाला ‘पट्टी कोणती’ विचारलं की निम्मे गायक चमकून बघतात, यांना कशाला पाहिजे म्हणून. पाहिजे हो आम्हाला. तबलजीच्या खालोखाल आम्हालाच पाहिजे.

आणि खोल, अरुंद खड्डे खणायचे नाहीत. स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून शिट्टी वाजली की जी पट्टी वाजते ती ग्राफिकवर सरळ तळाला न्यायची ही आमच्या लायनीतली जुनी खोड. ती पट्टी २५० ची असेल तर गायकाचा तार सा तिथेच असतो, मग तो जीव तोडून षड्ज लावतो आणि तेवढाच एक स्वर बसका येतो, रे लावला की परत आवाज मोठा. गायकाला वाटतं आज आपला घसाच लागत नाहीये. बिचारा मध्यंतरात गरम पाणी मागतो! शिट्टी वाजत असेल तर आधी मॉनिटर, म्हणजे गायकासमोरचा स्पीकर, कमी करा, माईकची पाठ मॉनिटरकडे करा, जास्तीचे उघडे माईक बंद करा. इक्यू सगळ्यात शेवटी.

काही जण ग्राफिकचा हसरा चेहरा करून ठेवतात ते वेगळंच, खाली बेस चढवलेला वर ट्रेबल चढवलेला आणि मध्ये खोलगट, तो बघूनच मला धडकी भरते. याचं मूळ आपल्या घरातल्या जुन्या डेकमध्ये आहे. त्याला लाऊडनेस म्हणून एक बटण असायचं, आठवत असेल. हळू आवाजात ऐकताना कानाला खालचं फार कमी ऐकू येतं, वरचंही थोडं कमी, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली माणसांच्या कानांवर मोजून त्याच्या रेषा काढल्या होत्या, म्हणून ते बटण हळू आवाजात दोन्ही टोकं वाढवायचं आणि गाणं भरल्यासारखं वाटायचं. चांगली गोष्ट होती. पण आवाज मोठा झाला की कान खालचं आपोआप नीट ऐकायला लागतो, मग त्या चढवलेल्या टोकांची गरज संपते. रात्री अकरा वाजता घरात ऐकायचं सेटिंग हजार माणसांच्या मांडवात लावलं तर जिथे शब्द राहतात नेमका तोच मधला भाग खोलात जातो. आणि मग शब्द कळत नाहीत म्हणून आवाज वाढवा.

आता भजनाचं. हे सगळ्यात अवघड आणि याच्यावर कोणी लिहित नाही. पखवाजाच्या धुमेला कणीक लावलेली, तो खाली छान बोलतो, त्याची अडचण नाही. अडचण टाळांची. वीस तीस जण टाळ घेऊन उभे, आणि टाळाचा आवाज पडतो तो थेट तीन हजाराच्या वर, म्हणजे जिथे अभंगाची व्यंजनं राहतात तिथेच. आता बुवांचे शब्द कळेनात म्हणून तुम्ही बुवांच्या माईकला ट्रेबल दिला तर काय होतं, त्या माईकमध्ये बुवांच्या मागचे टाळ पण येतायत की, त्यांनाही ट्रेबल मिळाला. इक्यू चॅनलला लागतो, त्या चॅनलमध्ये जे जे शिरलंय त्या सगळ्याला लागतो, माणूस बघून लागत नाही. तिथे मिक्सरवर करण्यासारखं फारसं काही नाहीच, टाळकऱ्यांना दोन पावलं मागे आणि बाजूला उभं करायचं, बुवांच्या माईकची पाठ त्यांच्याकडे येईल असं बघायचं आणि टाळांना वेगळा माईक अजिबात लावायचा नाही. टाळांना माईक लावा असा आग्रह धरणारी मंडळं आहेत! टाळ माईकशिवाय वेशीपर्यंत ऐकू जातो.

आणि कीर्तनकार महाराजांना हात जोडून एक सांगणं आहे, एको कमी मागत जा. ‘एको द्या, एको द्या’ करत एवढा घेतात की मागच्या शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर पडतं, आधीच मांडव घुमतोय त्यात ही भर. द्यायचाच असेल तर मी एकोच्या चॅनललाही खालचं ४०० पर्यंत कापून देतो, म्हणजे घुमारा वाटतो पण चिखल होत नाही. महाराजांना फरक कळत नाही, श्रोत्यांना कळतो.

तानपुऱ्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मिरजेच्या माणसाला राहवत नाही. आमच्या मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सगळ्यांनी फोटो टाकले, छान झालं. आता तो तानपुरा स्टेजवर आल्यावर त्याचं काय होतं ते बघा. जवारी काढणारा कारागीर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा पृष्ठभाग घासून घासून अशा बेताने आणतो की तार तिला हलकी घासत राहावी आणि त्यातून वरचे वरचे स्वर फुलत जावेत, त्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर असतो ७० हर्ट्झच्या जवळपास पण तानपुरा म्हणून आपण जो ऐकतो तो कित्येक हजारापर्यंत गेलेला असतो. आणि साऊंडवाला काय करतो, झिर्र आवाज येतोय म्हणजे काहीतरी नॉईज आहे असं समजून त्याचं ट्रेबल मारतो. सगळी जवारी गेली, राहिलं फक्त खालचं हूं हूं, ते जाऊन बसतं गायकाच्या सा वर आणि डग्ग्यावर. उलट करायला पाहिजे, खालचं कापायचं आणि वरचं राहू द्यायचं, आणि एकंदरीत हळू ठेवायचा.

तुमच्या ज्येष्ठ वाचकांसाठी आणखी एक. वय वाढलं की कान वरच्या बाजूने कमी होत येतो, खालचं ऐकू येत राहतं आणि स, श, त, क आधी निसटतात. म्हणून ते म्हणतात की आवाज येतो पण कळत नाही, आणि घरातले म्हणतात की यांना सोयीचं तेवढं ऐकू येतं. शास्त्रीय मैफलीच्या पहिल्या पाच रांगा कोणत्या वयाच्या असतात ते कोणीही बघून यावं. मिक्सरवर बसलेला मुलगा पंचविशीचा, त्याला सगळं लख्ख ऐकू येतंय, त्याला वाटतं मिक्स मस्त बसलाय. त्याने एकदा उठून त्या रांगांतल्या दोघांना विचारून यावं एवढंच, आणि गायकाच्या आवाजाला तीन हजाराच्या आसपास दोन डेसिबल दिले तर चालतंय का बघावं, दोनच, जास्त दिलं तर बोचतं कारण कान तिथेच सगळ्यात तिखट असतो.

विषय निघालाच आहे तर गणपतीतल्या डेसिबलच्या बातम्यांबद्दलही बोलतो, तुम्ही दरवर्षी छापता म्हणून. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण ते डेसिबल ‘ए’ जातीचे आहेत. या ‘ए’ मोजणीत मीटर खालचे आवाज मुद्दाम कमी धरतो, ६३ हर्ट्झला जवळजवळ २६ डेसिबल कमी, १०० ला १९ कमी, कारण हळू आवाजात कानाला ते तसेच कमी ऐकू येतात. डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिलं की छातीत जे धपधप होतं ते नेमकं या ४० ते १०० मधलं. तेव्हा मीटरवर जो आकडा येतो त्यात त्या धपधपीचा वाटा फारच थोडा धरलेला असतो, आणि घरी आजारी माणसाला त्रास होतो तो तिचाच, कारण ५० हर्ट्झची एक लहर जवळपास सात मीटर लांब असते, ती खिडकी लावून, भिंत मध्ये घालून अडत नाही, शब्द आणि ट्रेबल सगळं बाहेर राहतं आणि घरात फक्त धप धप येतं. ‘सी’ जातीची मोजणीही असते, तिच्यात ६३ ला एक डेसिबलसुद्धा कमी धरत नाहीत. बातमीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले तर ढोल-ताशा आणि डीजे यांच्यातला फरक लोकांना आपोआप दिसेल, ताशा ‘ए’ मध्ये भरपूर भरतो कारण तो वर वाजतो, आणि डीजे ‘ए’ मध्ये सुटतो. आमच्याच लायनीतले काही लोक माझ्यावर चिडतील हे वाचून, चिडू देत.

राहता राहिले आयोजक. निमंत्रण पत्रिकेवर सहाची वेळ, साऊंडवाल्याला आत सोडतात साडेपाचला, त्यात सतरंज्या घालायचं काम चाललेलं, समईला तेल नाही म्हणून कोणीतरी माईकवरून हाका मारतंय, आणि गायक येतात सहा दहाला. मग साऊंड चेक म्हणजे ‘हॅलो हॅलो माईक टेस्टिंग’. हॅलो ने काय कळणार, त्यात ना मंद्र पंचम आहे ना तार सा. अर्धा तास द्या, खरा तबला, खरी पेटी, खरा तानपुरा आणि खरा गायक घेऊन, नुसती पंधरा मिनिटं गाऊ द्यात. आणि हॉल भरल्यावर परत दहा मिनिटं साऊंडवाल्याला छेडू नका, कारण माणसं बसली की त्यांच्या कपड्यांनी वरचं शोषलं जातं आणि खालचं तसंच राहतं, रिकाम्या हॉलमध्ये जे चकचकीत वाटत होतं ते भरल्यावर मंद होतं, ते त्याला परत लावायचं असतं. त्या वेळी तो तुम्हाला बाहेर वडापाव खाताना दिसला तर मात्र खुशाल ओरडा, तिथे माझी काही हरकत नाही.

आणि पत्र लिहिणाऱ्या काकांना विनंती, पुढच्या कार्यक्रमाला शब्द कळले नाहीत तर ‘आवाज वाढवा’ असं ओरडू नका, मिक्सरपर्यंत चालत या आणि ‘पेटी जरा खाली घ्या, गाणं गढूळ येतंय’ एवढंच सांगा. मिक्सर शक्यतो हॉलच्या मागच्या बाजूला मधोमध असतो. भिंतीला लावून कोपऱ्यात ठेवलेला दिसला तर आयोजकांनाही दोन शब्द सुनवा, कोपऱ्यात बेस साठतो, तिथे बसून मिक्स केलेलं बाहेर कधीच बरोबर येत नाही.

आपला,
एक साऊंडवाला, मिरज